सर्व्हर सांभाळायला शिकायचंय: लिनक्स की विंडोज, आणि सुरुवात कुठून?

खटपट्या_सांगली (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

बीएस्सी झालंय. सांगलीत एका कॉम्प्युटरवाल्याकडे सर्व्हिस इंजिनिअर आहे. पतसंस्था, दवाखाने, सीएंची ऑफिसं इथे जायचं, प्रिंटर चालू करून द्यायचा, विंडोज परत टाकायची, टॅलीचा डेटा जुन्या मशीनवरून नव्यावर न्यायचा, असं काम. वाईट नाही, पण यात पुढे काही दिसत नाही. सर्व्हर ॲडमिन व्हायचंय.

पुण्यात एका क्लासमध्ये चौकशी केली. सहा महिन्यांत लिनक्स, विंडोज सर्व्हर, क्लाउड आणि डेव्हऑप्स, फी पंचाहत्तर हजार. वडील पैसे द्यायला तयार आहेत, माझाच धीर होत नाही.

तर प्रश्न असे. लिनक्स धरू की विंडोज? लिनक्स घेतलं तर त्यातलं कुठलं? घरी चौथ्या पिढीचा आय३ आणि ८ जीबी रॅमवाला जुना डेस्कटॉप पडून आहे, तो चालेल का? सर्टिफिकेट आधी करू की नंतर?

---

पुणेरी_पिंग (सोमवार, रात्री १०:३१)

वाचतोय. हेच सगळे प्रश्न माझ्याही डोक्यात आहेत. वाचनखूण साठवली.

---

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:५८)

शिफ्टवर आहे आणि आज तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) कमी आहेत, त्यामुळे सविस्तर लिहितो. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच इंग्रजी लिपीत.)

पैसे आत्ता भरू नकोस. सहा महिन्यांत चार विषय म्हणजे प्रत्येकाचं नुसतं दर्शन. क्लास घ्यायचाच तर घरी दोनतीन महिने हात काळे करून मग घे. तेव्हा मास्तरांना काय विचारायचं ते तुला कळेल आणि त्यांना किती येतं तेही कळेल.

मशीन पुरेसं आहे, आणि तुला बाजारात मिळालं असतं त्याहून बरं आहे. नुसत्या टर्मिनलवर चालणारं डेबियन अर्ध्या जीबी रॅममध्येसुद्धा राहतं. रेड हॅट घराण्याच्या आवृत्ती १० ला प्रोसेसर जरा नवा लागतो, पण चौथ्या पिढीचा आय३ त्यात बसतो. तिसऱ्या पिढीचा असता तर खऱ्या रेड हॅटच्या आवृत्ती ९ वर थांबावं लागलं असतं.

आता कुठलं लिनक्स. नोकरीच्या बाजारात दोनच घराणी धर. एक डेबियन आणि त्यातून निघालेलं उबुंटू. दुसरं रेड हॅट आणि त्याच्यासारखी हुबेहूब चालणारी अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स. जुने व्हिडिओ बघशील तर त्यात सगळीकडे सेंटओएस दिसेल. ते आता नाही. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की सेंटओएस ८ पुढच्याच वर्षअखेरीस बंद. लोकांनी २०२९ पर्यंतचा हिशेब धरला होता, सगळ्यांची धावपळ झाली. अल्मा आणि रॉकी त्यातूनच जन्मले. राहिलेलं सेंटओएस ७ सुद्धा ३० जून २०२४ ला संपलं. तेव्हा सेंटओएस शिकवणारा व्हिडिओ दिसला की तारीख बघ.

पुण्यामुंबईतल्या कंपन्यांत, विशेषतः बँकांच्या कामात, रेड हॅट जास्त भेटेल. म्हणून अल्मा टाक. खरं रेड हॅटच हवं असेल तर त्यांची डेव्हलपर सबस्क्रिप्शन एका माणसाला १६ मशीनपर्यंत फुकट मिळते. पण 'कुठलं लिनक्स' यावर एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ घालवू नकोस. एक घराणं नीट आलं की दुसरं आठवड्याभरात येतं.

मुद्द्याचं आता सांगतो. कमांडची यादी पाठ करून ॲडमिन होत नाही. त्या मशीनवर असं काहीतरी चालव, जे तुझ्याशिवाय दुसरं कुणीतरी रोज वापरेल. काहीही चालेल. घरातल्यांचे फोटो, सोसायटीच्या नोटिसा, ओळखीच्या दुकानाचा स्टॉक. एकट्याच्या मशीनवर काही बिघडलं की आपण फॉरमॅट मारून मोकळे होतो. दुसरा माणूस 'उघडत नाहीये हो' म्हणून फोन करतो, तेव्हा फॉरमॅट मारता येत नाही. मग लॉग (मशीनने ठेवलेल्या नोंदी) वाचावे लागतात, काल काय बदललं ते आठवावं लागतं, अपडेट कधी टाकायचं याचा विचार करावा लागतो. ॲडमिनचं काम तिथून सुरू होतं.

क्रम विचारशील तर असा. मशीनवर पहिल्या दिवशी अल्मा टाक, ग्राफिकल डेस्कटॉप न निवडता. मग त्याचा कीबोर्ड आणि स्क्रीन काढून टाक आणि पुढचं सगळं लॅपटॉपवरून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनलने आत यायची सुरक्षित वाट) कर. पासवर्डऐवजी की (किल्लीचं काम करणारी फाइल) वापरायला शीक. एसएसएचची सेटिंग बदलताना एक खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून आत येता येतंय का ते बघ, आणि मगच पहिली बंद कर. नाहीतर दाराबाहेर उभा राहशील. त्यानंतर युजर आणि परवानग्या, सिस्टमडी (सेवा चालू-बंद करणारी व्यवस्था), जर्नलसीटीएल (तिचे लॉग बघायची कमांड), डिस्क आणि एलव्हीएम (डिस्कची जागा वाटायची सोय), फायरवॉल. यातला प्रत्येक विषय त्या चालत्या गोष्टीला लागेल तेव्हाच घे.

आणि एक वही कर. मशीनवर जे बदलशील ते तारखेसकट लिही.

---

मोगऱ्याची_वेल (मंगळवार, सकाळी ९:०५)

रात्रपाळींचा प्रतिसाद उत्तम आहे, पण एका गोष्टीला माझा विरोध. या मुलाला विंडोज सोडून लिनक्सकडे का पाठवताय?

खटपट्या, तू आत्ताच जिथे जिथे जातोस, तिथे कोपऱ्यातल्या खोलीत एक विंडोज सर्व्हर असेल बघ. त्यावर टॅली, एखादं बँकिंग सॉफ्टवेअर, शेअर केलेली फोल्डरं. तो कुणीतरी एकदा लावून गेलेला असतो आणि पुढे त्याच्याकडे कुणी बघितलेलं नसतं. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, २०१६ चा जानेवारी २०२७ मध्ये संपतोय. या सगळ्या मशीन बदलाव्या लागणार आहेत आणि तालुक्याच्या गावाला ते करणारी माणसं नाहीत.

शिकायला फुकट आहे. विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन प्रत १८० दिवस चालते. ८ जीबीत ओढाताण होईल, पण एक सर्व्हर आणि एक क्लायंट व्हर्च्युअल मशीनमध्ये बसतील. रॅम १६ केलीस तर सुखात. जुनी डीडीआर३ रॅम तुझ्या दुकानातच निघेल.

आणि काय शिकायचं? ॲक्टिव्ह डिरेक्टरी (एडी), म्हणजे ऑफिसातली सगळी खाती आणि मशीन एका जागेवरून सांभाळायची विंडोजची व्यवस्था. २००० सालापासून ऑफिसांचा कणा तोच आहे. डोमेन उभं कर, क्लायंट त्यात जोड. तो पहिल्या वेळी जोडला जाणार नाही, कारण त्याच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) राउटरचा पत्ता असेल, डोमेन कंट्रोलरचा (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरचा) नसेल. हे एकदा स्वतः शोधून काढलंस की अर्धी एडी समजली. मग ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एकदम लागू होणारे नियम). मग काल्पनिक प्रसंग घे: अकाउंट्समधला माणूस नोकरी सोडून गेला, त्याचं खातं बंद करायचं पण त्याच्या फायली साहेबांना दिसायला हव्यात. असली कामंच रोज येतात. माउसने एकदा केलंस की तेच पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड लाइन) कर.

अजून एक. यातल्या एखाद्या ठिकाणी रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला उघडं सापडलं, तर मालकाला त्याच दिवशी सांग. रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) ज्या वाटांनी शिरतं, त्यातली ही नेहमीची वाट आहे.

---

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ९:४०)

ताई, पॉइंट आहे. विंडोज नको असं मी म्हटलेलं नाही. पण लिनक्स आधी शिकलेला माणूस मांडणी आतून बघतो: प्रोसेस, फाइल, परवानगी, पोर्ट. विंडोजमध्ये विझार्ड 'नेक्स्ट नेक्स्ट' करत नेतो आणि आत काय झालं ते दिसत नाही.

---

मोगऱ्याची_वेल (मंगळवार, सकाळी ९:५२)

विझार्डवर काम करणारा माणूस विंडोज ॲडमिन नसतो हो, जसा कॉपी-पेस्ट करणारा लिनक्स ॲडमिन नसतो. विंडोज सर्व्हरच्या 'सर्व्हर कोअर' या प्रकाराला डेस्कटॉपच नसतो आणि इन्स्टॉल करताना काही बदललं नाही तर तोच पडतो. नेक्स्ट दाबायला तिथे बटणच नाही. :)

---

ढगात_गोळी (मंगळवार, दुपारी १:१५)

२०१६ पासून एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनच्या क्लाउडचं) रीजन मुंबईत आहे आणि अजून तुम्ही पोराला जुन्या डबड्यावर फायरवॉल लावायला शिकवताय. सर्व्हर ॲडमिन ही जमात संपली. क्लाउड शिक, कंटेनर शिक, मोकळा हो.

---

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी ३:२०)

क्लाउडवर मशीन घेतलं की आत काय येतं? लिनक्स नाहीतर विंडोज. कंटेनरच्या आत काय? लिनक्सचं युजरलँड (वरची साधनं), खाली लिनक्सचाच कर्नल (गाभा). कंटेनर 'परमिशन डिनाइड' म्हणून पडला की आमच्याकडेच येतात सगळे. डिस्क आणि केबल बघायचं काम कमी झालं हे खरं. पण ऑपरेटिंग सिस्टिम समजणाऱ्याचं काम कमी झालेलं माझ्या टीममध्ये तरी दिसलं नाही.

शिवाय क्लाउडला कार्ड द्यावं लागतं. शिकाऊ माणूस मशीन बंद करायला विसरला की महिनाअखेरीस बिल येतं. जुन्या डबड्याचं फार तर लाइट बिल.

---

ढगात_गोळी (मंगळवार, दुपारी ३:३४)

बरं, 'जमात संपली' मागे घेतो. 'जमातीने नाव बदललं' म्हणतो. जाहिरातीत 'लिनक्स ॲडमिन' शोधू नका, 'साइट रिलायबिलिटी' किंवा 'क्लाउड सपोर्ट' शोधा.

---

नोंदवही (मंगळवार, संध्याकाळी ६:४८)

मी ॲडमिन नाही, ऑडिटला जाते. शिकणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्यापासून अंगी लावा: मशीनचं घड्याळ.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. लॉग १८० दिवस जपायचे. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. आणि सर्व्हरची वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळलेली हवी. मी जाते तिथे फायरवॉलच्या लॉगमध्ये एक वेळ असते, सर्व्हरच्या लॉगमध्ये दुसरी, आणि कुठलं आधी झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

त्यातच यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) घोळ. मशीन यूटीसीवर आहे आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) पहाटे २ ची वेळ टाकलीय, म्हणजे ते काम आपल्याकडच्या सकाळी साडेसातला सुरू होतं. बॅकअप रात्रीच होतो अशी सगळ्यांची समजूत असते.

---

फ्रँकफर्टची_गाडी (मंगळवार, रात्री ११:१०)

घड्याळावरून आठवलं. मार्च २०२४ चं एक्सझेड (फायली आकसायचं लिनक्समधलं साधन) प्रकरण शिकणाऱ्यांनी जरूर वाचावं. एसएसएचने आत यायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू उगाच खर्च होतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड खोदत गेला. तो काही सुरक्षातज्ज्ञ नव्हे, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा माणूस. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं चोरदार त्याला सापडलं. मोठ्या डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या तयार प्रकारांच्या) स्थिर आवृत्त्यांत ते अजून पोचलं नव्हतं म्हणून जग वाचलं. आपलं मशीन निरोगी असताना कसं वागतं हे माहीत असेल तरच आजारी पडलेलं कळतं. त्यामुळे सगळं ठीक चालू असतानाही टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) आणि लॉग बघत जा.

---

खटपट्या_सांगली (पुढचा रविवार, संध्याकाळी ५:२५)

सगळ्यांचे आभार. क्लासला 'नको' असं कळवून टाकलं. रात्रपाळी काकांच्या सांगण्याप्रमाणे अल्मा टाकलं, एसएसएच कीने आत येतोय.

दुसरं कुणीतरी वापरेल असं काय, याचा विचार केला. आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल बाई पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये ठेवतात. सभासद फोन करून विचारतात 'अमुक आहे का', आणि त्या शोधत बसतात. ती यादी वेबपानावर टाकून वाचनालयाच्या वायफायवर दाखवायची असं ठरवलं. बाई खूश आहेत.

एनजिनएक्स हा वेब सर्व्हर टाकला. सर्व्हरवर कर्लने (टर्मिनलमधून पान मागवायची कमांड) लोकलहोस्ट, म्हणजे तेच मशीन, बघितलं तर पान येतंय. लॅपटॉपवरून ब्राउझरमध्ये आयपी टाकला की नुसतं फिरत राहतं. पिंग होतंय. दुपारपासून अडकलोय.

---

रात्रपाळी (रविवार, संध्याकाळी ५:५०)

प्रश्न चांगला मांडलास. काय चालतंय आणि काय नाही, दोन्ही सांगितलंस.

आता आतून बाहेर जा. सेवा चालू आहे का? कर्ल चालतंय म्हणजे हो. ती फक्त आतल्यांसाठी ऐकतेय की सगळ्यांसाठी? 'एसएस' कमांड टीएलएनपी ही अक्षरं देऊन चालव. पोर्ट ८० समोर चार शून्यांचा पत्ता असेल तर सगळ्यांसाठी, १२७ ने सुरू होणारा असेल तर फक्त स्वतःसाठी. वाट आहे का? पिंग होतंय म्हणजे आहे. उरलं काय?

---

खटपट्या_सांगली (रविवार, संध्याकाळी ६:१४)

चार शून्यं दिसतायत. म्हणजे फायरवॉल?

---

रात्रपाळी (रविवार, संध्याकाळी ६:२०)

बरोबर. अल्मावर फायरवॉलडी पहिल्यापासून चालू असतं आणि एसएसएच सोडून फारसं काही आत येऊ देत नाही. फायरवॉल-सीएमडीने एचटीटीपी ही सेवा पर्मनंट म्हणून जोड आणि रीलोड दे. पर्मनंट न देता जोडलीस तर आत्ता चालेल, रीबूटनंतर जाईल. पर्मनंट देऊन रीलोड विसरलास तर उलटं.

पुढच्या वेळेसाठी: दुसऱ्या लिनक्स मशीनवरून कर्ल केलं असतंस तर 'नो रूट टू होस्ट' असा संदेश दिसला असता. नवखा माणूस मग नेटवर्कची केबल तपासत बसतो, प्रत्यक्षात फायरवॉल नकार पाठवत असते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचलास, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. आणि बराच वेळ थांबून 'टाइम्ड आउट' आलं तर वाटेत कुणीतरी डेटाचं पॅकेट गुपचूप टाकून देतंय. तिन्हींची औषधं वेगळी.

---

खटपट्या_सांगली (रविवार, रात्री ८:०२)

झालं! एनजिनएक्सचं स्वागताचं पान लॅपटॉपवर आलं. पण माझं पान काही येत नाही. घरच्या डिरेक्टरीत फाइल बनवली आणि एमव्हीने एनजिनएक्सच्या फोल्डरमध्ये हलवली. आता '४०३ फॉरबिडन'. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे चमोड (परवानगी बदलायची कमांड) ७७७ पण दिलं, तरी तेच.

---

पुणेरी_पिंग (रविवार, रात्री ८:१०)

एसई-लिनक्स (लिनक्सचा सुरक्षेचा जादा थर) असेल. डिसेबल करून टाक. आमच्याकडे सगळे तेच करतात.

---

मोगऱ्याची_वेल (रविवार, रात्री ८:१३)

विंडोजवाली असूनही मला हे वाचवत नाही.

---

रात्रपाळी (रविवार, रात्री ८:४०)

पिंगराव, निदान बरोबर, औषध चूक.

खटपट्या, आधी ते ७७७ काढ आणि ६४४ कर. ७७७ म्हणजे मशीनवरच्या कुणालाही ती फाइल बदलायची मुभा. वेब सर्व्हरला ती फक्त वाचायची आहे. ७७७ देऊनही अडलं, यातूनच कळतं की अडवणारा दुसराच कुणीतरी आहे.

एनजिनएक्सचा एरर लॉग उघड, तिथे '१३: परमिशन डिनाइड' असं दिसेल. मग एलएसला मोठा झेड देऊन त्या फोल्डरमधल्या फायली बघ. प्रत्येक फाइलला एसई-लिनक्सची एक चिठ्ठी असते. स्वागताच्या पानावर वेब सर्व्हरच्या मजकुराची चिठ्ठी असेल, तुझ्या फाइलवर 'युजर होम'ची. एमव्हीने फाइल हलवली की ती जुनी चिठ्ठी सोबत घेऊन जाते. सीपीने कॉपी केली असतीस तर नव्या जागेची मिळाली असती. एनजिनएक्सला लोकांच्या घरातल्या फायली वाचायची परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. उद्या एनजिनएक्समध्ये भोक सापडलं तर घुसलेल्याला तुझ्या घरच्या फायली वाचता येऊ नयेत म्हणूनच ही व्यवस्था.

रीस्टोअरकॉन चालव, मोठा आर आणि छोटा व्ही देऊन, त्या फोल्डरवर. चिठ्ठ्या सुधारतील. शंका असेल तर ऑडिट लॉगमध्ये एव्हीसी शोध, कुणी कुणाला काय करू दिलं नाही ते लिहिलेलं असतं.

बंदच करायचं तर फक्त निदानापुरतं 'सेटएनफोर्स ०' देऊन बघ, आणि लगेच परत १ कर. आरएचसीएसए या रेड हॅटच्या ॲडमिन परीक्षेतही हा विषय येतो. ती परीक्षा तोंडी किंवा पर्यायांची नसते. चालतं मशीन समोर देतात, इंटरनेट नसतं, ३०० पैकी २१० लागतात, आणि तू केलेलं रीबूटनंतर टिकलं नसेल तर त्याचे गुण नाहीत. सर्टिफिकेट आधी की नंतर, याचं माझं उत्तर त्यातच आहे. अशा भानगडी निस्तरून जा, मग परीक्षेला वेगळा अभ्यास थोडाच उरतो.

---

मोगऱ्याची_वेल (रविवार, रात्री ९:०५)

विंडोजकडे एवढी मोठी हाताने करायची परीक्षा माझ्या तरी माहितीत नाही. जुनं एमसीएसए हे मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट जानेवारी २०२१ मध्ये निवृत्त झालं. त्यानंतर एझेड-८०० आणि ८०१ या परीक्षा आल्या, त्यात निम्मा अझूर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) घुसलाय. एकट्या विंडोज सर्व्हरच्या माणसासाठी ते मला फारसं जमलेलं वाटत नाही.

---

खटपट्या_सांगली (रविवार, रात्री ९:३०)

आलं पान!! एलएसच्या झेडमध्ये अगदी तुम्ही म्हणालात तस्संच दिसलं. वहीत लिहिलं.

---

शाईचा_डाग (सोमवार, सकाळी ११:२०)

इंग्रजी व्हिडिओ जड जात असतील त्यांच्यासाठी: आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत. छोटे आहेत, मूलभूत कमांडपुरते. आवाज थोडा सरकारी आहे, पण ऐकता ऐकता सोबत टंकायला बरे.

---

खटपट्या_सांगली (पुढचा शुक्रवार, रात्री ९:४५)

मशीन वाचनालयात नेऊन ठेवलं. चार दिवस छान चाललं. आज दुपारी लाइट गेली. आल्यावर बाईंनी फोन केला, 'तुझं पान दिसत नाही, सभासद थांबलेत.' जाऊन बघतो तर आधी मशीनच बंद. बटण दाबलं, अल्मा चालू झालं, तरी पान नाही. हाताने एनजिनएक्स स्टार्ट केलं तेव्हा आलं. दर वेळी जायचं का?

आणि एक सभासद विचारत होते, घरून मोबाइलवर दिसेल का? माझ्या घरून तर उघडत नाही.

---

रात्रपाळी (शुक्रवार, रात्री १०:३०)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टमसीटीएलमध्ये 'स्टार्ट' म्हणजे आत्ता चालू कर. 'एनेबल' म्हणजे बूट होताना दर वेळी चालू कर. अल्मावर सेवा इन्स्टॉल झाली म्हणजे एनेबल होतेच असं नाही, डेबियनवर सहसा होते. मशीनसाठी बायॉसमध्ये जा. वीज परत आल्यावर काय करायचं, अशी एक सेटिंग असते, ती 'पॉवर ऑन' कर. आणि शक्य झालं तर वाचनालयाच्या खर्चातून छोटा यूपीएस बसवून घे. मशीन असं धाडकन बंद होणं डिस्कला चांगलं नाही.

बाहेरून दिसण्याचं आत्ता सोडून दे. बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडला स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो, अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. आणि उघडलं गेलं तर पहिल्याच रात्री जगभरातून दार ठोठावणारे येतात. त्याआधी तुझं अपडेट आणि बॅकअप जागेवर हवं. बॅकअप आहे का?

---

खटपट्या_सांगली (शुक्रवार, रात्री १०:४१)

क्रॉनने रोज रात्री टारची फाइल (सगळ्या फायलींचं एक गाठोडं) बनते. त्याच डिस्कवर.

---

मोगऱ्याची_वेल (शुक्रवार, रात्री १०:५५)

त्याच डिस्कवर म्हणजे नाहीच. आणि ती फाइल उघडून बघितलीस का कधी?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीत काय झालं ते त्यांनी स्वतःच जगासमोर मांडलं आहे, वाच. रात्री उशिरा थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी उडवली, सुमारे ३०० जीबी. मग बॅकअपकडे वळले. रोजचा डेटाबेस डंप चुकीच्या आवृत्तीच्या साधनामुळे होतच नव्हता. तो होत नाही हे सांगणारे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता. क्लाउडवरचं बकेट (साठवणीची जागा) रिकामं. शेवटी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होता, म्हणून वाचले. एवढ्या हुशार लोकांचं हे झालं.

बाईंची यादी म्हणजे कित्येक वर्षांचं टंकन आहे. दुसऱ्या डिस्कवर एक प्रत, वाचनालयाबाहेर एक. आणि महिन्यातून एकदा लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ती उलगडून पान उघडतंय का ते बघ.

---

खटपट्या_सांगली (रविवार, दुपारी १२:१५)

दुकानातून जुनी ५०० जीबीची डिस्क आणली, तीत बॅकअप जाईल. लॅपटॉपवर उलगडून बघितलं, यादी आली पण मुखपृष्ठांची चित्रं नाहीत. ती दुसऱ्या फोल्डरमध्ये होती, टारमध्ये घेतलीच जात नव्हती. आता घेतली.

डिस्क बूट होताना आपोआप जोडायला एफएसटॅबमध्ये ओळ टाकायची ना? व्हिडिओत डिस्कचं नाव एसडीबी१ असं दिलंय.

---

रात्रपाळी (रविवार, दुपारी १:०५)

एसडीबी१ असं नाव देऊ नकोस. केबल इकडची तिकडे झाली की नावं बदलतात. बीएलकेआयडी या कमांडने यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळखक्रमांक) बघ आणि तो टाक. पर्यायांमध्ये 'नोफेल' लिही. नाहीतर ती जुनी डिस्क एखाद्या दिवशी जागी झाली नाही, तर पूर्ण मशीन इमर्जन्सी मोडमध्ये थांबून राहील, आणि तिथे रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड मागेल. तो ठेवलायस ना? इन्स्टॉल करताना रूटचं खातं बंद ठेवलं असशील तर तिथून आत जाताच येत नाही.

ओळ टाकल्यावर रीबूटच्या आधी 'माउंट' ला छोटा ए देऊन चालव. ओळीत चूक असेल तर आत्ताच ओरडेल. मग रीबूट करून बघ, पण शेजारी स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेला असताना. वाचनालयात गर्दी कधी नसते?

---

खटपट्या_सांगली (रविवार, दुपारी १:२०)

सोमवारी बंद असतं. बाईंकडून किल्ली घेतो, उद्या संध्याकाळी दुकान सुटलं की जातो. रूटचा पासवर्ड आत्ता आत जाऊन ठेवतोय.